हापूसची थेट विक्री: फोनवरचं दुकान मोहोराच्या आधी कसं थाटायचं

पाडव्याच्या आठवडाभर आधी दरवर्षी मला कुणा ना कुणा बागायतदाराचा फोन येतो. "ताई, इन्स्टावर पेज काढून द्या. यंदा वाशीच्या घाऊक बाजारात पाठवायचाच नाही, डायरेक्ट विकायचा." आंबा आढीत, म्हणजे पेंढ्यात पिकायला, पडलेला असतो आणि पेज अजून काढायचं असतं. मी काढून देते, पण मनात म्हणते, हे पेज पुढच्या वर्षीसाठी.

आमची रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ सव्वादोनशे कलमं आहेत. दादा बाग बघतो, मी पुण्यात बसून फोन बघते. सात हंगाम झाले. पहिल्या वर्षी ३८ पेट्या ओळखीपाळखीत गेल्या, बाकीचा माल नेहमीसारखा वाशीला. आता निम्म्याहून थोडा जास्त माल थेट घरोघरी जातो. उरलेला अजूनही वाशीलाच जातो आणि त्याची मला लाज वाटत नाही. एका दिवसात ७० पेट्या उतरल्या तर त्या उचलणारा बाजारच लागतो.

उदाहरण आंब्याचं आहे, कारण मला तेवढंच नीट येतं. काजू, कोकम, दिवाळीचा फराळ, गूळ असं काहीही हंगामी विकणाऱ्याला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी पेट्या मोजा

किती माल थेट विकायचा हे फॉलोअर बघून ठरवू नका, हात बघून ठरवा. पॅकिंगला किती माणसं? फोनवर कोण? शहरात पोचल्यावर वाटप कोण करणार? आमच्या अनुभवात एक माणूस दिवसाला २५ ते ३० ऑर्डरी नीट सांभाळतो. नीट म्हणजे पत्ता, पैसे, पाठवल्याचा निरोप आणि "पिकला का?" असा चौथ्या दिवशीचा फोन, एवढं सगळं धरून.

दुसऱ्या हंगामात मी हे न मोजता जाहिरात लावली. एका रात्रीत १४० मेसेज आले. मला आनंद झाला आणि दादाच्या पोटात गोळा आला, कारण त्या आठवड्यात तयार होत्या ४० पेट्या. उरलेल्या शंभर लोकांना आम्ही "दोन दिवसांत सांगतो" म्हणालो, दहा दिवसांनी सांगितलं. त्यांतलं कुणीही परत आलं नाही. तेव्हापासून नियम असा की आठवड्याचा आकडा दादाकडून आल्याशिवाय एक रुपयाची जाहिरात नाही.

नंबर: वेगळा आणि कायमचा

घरच्या नंबरावर धंदा सुरू करू नका. नवं सिम घ्या, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका आणि तो नंबर पुढची वीस वर्षं बदलायचा नाही असं ठरवून घ्या. सिमला रिचार्ज पावसाळ्यातही मारत राहा. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि मग तुमचं जुनं गिऱ्हाईक आंबा मागायला कुणा परक्या माणसाला फोन करतं.

अ‍ॅप उघडल्यावर एका बसणीत एवढं करून टाका. प्रोफाइलमध्ये बागेचं नाव, गाव आणि तालुका. फोटो बोधचिन्हाचा नको, झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाचा लावा. कॅटलॉगमध्ये मोजक्या चारच वस्तू ठेवा: एक डझन, दोन डझन, पाच डझनाची पेटी आणि कॅनिंगचा बारका आंबा. प्रत्येकीखाली फळाचं वजन ग्रॅममध्ये लिहा. "मोठा", "मध्यम" हे शब्द भांडणाचं मूळ आहेत. माझा मध्यम २२० ग्रॅमचा, गिऱ्हाइकाचा मध्यम २८० चा.

मग लेबलं. माझी अशी आहेत: "विचारलं", "पैसे आले", "पाठवला", "पिकला का विचारायचं", "तक्रार". रंगांवरून सकाळी चहा घेताना दिवसाचं काम दिसतं. आणि क्विक रिप्लाय भरून ठेवा, कारण हंगामात तुम्ही तेच पाच प्रश्न तीनशे वेळा ऐकणार आहात: भाव काय, देवगड का रत्नागिरी, पिकलेला येतो का, कार्बाइड नाही ना, आमच्याकडे येतो का.

टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच्या आज लावा. इन्स्टाग्रामलाही दुहेरी पडताळणी लावा. "तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, इथे क्लिक करा" असे मेसेज नेमके एप्रिलमध्ये येतात, आपण घाईत असताना. ते मेटाकडून, म्हणजे इन्स्टाग्रामच्या कंपनीकडून, आलेले नसतात. आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, घरातल्या पोरांनाही हे बजावून ठेवा.

भाव उघड लिहा

"किंमत इनबॉक्स केली आहे" हे वाक्य मी ज्या पेजवर वाचते त्या पेजवरून मी काही घेत नाही. तुम्हीही घेत नसाल. मग स्वतःच्या पेजवर ते का लिहायचं?

कारण मला माहीत आहे: भाव बदलतो. पाडव्याला एक, अक्षय्य तृतीयेला दुसरा, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरा. तर तसंच लिहा. दर सोमवारी एक साधी पाटी लावा, "या आठवड्याचा भाव", खाली तारीख, खाली पोचवण्याचा खर्च वेगळा. भाव उतरला की ज्यांनी मागच्या आठवड्यात जास्त पैसे भरले पण माल अजून मिळाला नाही, त्यांना स्वतःहून फरक परत करा. दोनशे-तीनशे रुपये जातात. पण हे गिऱ्हाईक त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहितं ते बघा.

वर्षभर काय दाखवायचं

इथे आंबेवाल्याकडे असं काहीतरी आहे जे कपड्याच्या दुकानदाराकडे नाही: झाड वर्षभर काहीतरी करत असतं. फक्त आपल्याला ते रोजचं असल्यामुळे त्यात बघण्यासारखं काय, असं वाटतं. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला मोहोर म्हणजे काय ते प्रत्यक्ष बघायला मिळत नाही.

ऑक्टोबरला पालवी दाखवा आणि यंदा पालवी जास्त आली तर मोहोर उशिरा, हेही सांगा. थंडी पडली की मोहोर. मग तुडतुडे आणि फवारणी. हो, फवारणी दाखवा. लपवली की संशय वाढतो. कोणतं औषध, काढणीच्या किती दिवस आधी शेवटची फवारणी, हे दादा कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटांत सांगतो. पुढे कणी, वाटाणा, गोटी, सुपारी, अंडी असा प्रवास. अंड्याएवढ्या कैरीला कागदी पिशवी घालतात हे बघून लोकांनी इतके प्रश्न विचारले की त्यावर वेगळं रील करावं लागलं. फळमाशी आणि डाग टाळायला, बाकी काही नाही.

अवकाळी पाऊस पडला, मोहोर काळा पडला, तर तेही टाका. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दादाने गळलेल्या कैऱ्यांचा सडा दाखवून नुसतं एवढंच म्हटलं, "बघा, यंदा आंबा थोडा आहे." त्या वर्षी भाव चढा असूनही एकाने घासाघीस केली नाही.

काढणीच्या दिवसांत तीन गोष्टी जरूर चित्रित करा. पहिली, झेल्याने (काठीला जाळी लावलेली असते त्याने) देठासकट फळ उतरवणं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो, हे एकदा दिसलं की लोकांना पैशाचं कारण कळतं. दुसरी, पाण्याची बादली: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. आमच्याकडे चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार फळ उतरवतात हे शब्दांत सांगून शहरात कळत नाही, बादलीत कळतं. तिसरी, आढी. पेंढ्यात एकेक फळ मांडणारे आईचे हात. आईला कॅमेरा आवडत नाही, म्हणून फक्त हात. ते रील सगळ्यांत जास्त लोकांनी पुढे पाठवलं.

साक्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते. आतून पांढरट, स्पंजासारखा गर आणि बाहेरून फळ देखणं. कापल्याशिवाय कळत नाही, ना आपल्याला ना गिऱ्हाइकाला. बहुतेक जण यावर गप्प बसतात आणि मग तक्रार आली की "असं आमच्याकडे होत नाही" म्हणतात. आम्ही साका असलेला आंबा कॅमेऱ्यासमोर कापला आणि म्हटलं, हा हापूसचा जुना दोष आहे, तुमच्या पेटीत निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. खोटे फोटो येतील अशी दादाला भीती होती. सात वर्षांत मला संशय आला तो दोनदा, आणि दोन्ही वेळा मी पैसे देऊन टाकले.

कॅमेरा, आवाज, भाषा

फोन उभा धरा. सकाळी सात ते नऊ किंवा दुपारी चारनंतर, कारण भर दुपारी पानाखालचं फळ काळं येतं. पुसलेली लेन्स हा निम्मा दर्जा आहे. आमच्या फोनच्या लेन्सवर कायम चीक असायचा. पहिल्या दोन सेकंदांत काहीतरी घडत असू द्या, "नमस्कार मित्रांनो" नंतर म्हणा किंवा म्हणूच नका.

गाणं शोधत बसू नका. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला सिनेमाची बरीच गाणी मिळतही नाहीत. पानांची सळसळ, झेल्यात फळ पडल्याचा आवाज, गड्यांची थट्टामस्करी हे कुणाकडे नसतं. गाळून टाकू नका.

भाषा तुमच्या तोंडची असू द्या. दादा बोलतो तशी, हेल काढून. मी सुरुवातीला त्याला शुद्ध मराठीत पाठ करायला लावलं होतं. तो बातम्या वाचल्यासारखा दिसला. मराठी न समजणारं गिऱ्हाईक हवं असेल तर खाली हिंदी-इंग्रजी मजकूर टाका, तोंडचं बदलू नका.

कुठे टाकायचं? आमचं पन्नाशीपुढचं गिऱ्हाईक फेसबुकवर आहे आणि पेटी तेच घेतात. त्यांची मुलं इन्स्टाग्रामवर आहेत आणि ती एक डझन मागवून बघतात. एकच व्हिडिओ दोन्हीकडे जाऊ द्या. इन्स्टाग्रामवर वर तीन पोस्ट पिन करता येतात. तिथे भाव, "आंबा आल्यावर काय करायचं" आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो ठेवा. फोटो वापरण्याआधी त्यांना विचारा, मुलांचे चेहरे असतील तर दोनदा विचारा.

यादी हीच खरी बाग

फॉलोअर तुमचे नसतात. उद्या अल्गोरिदमने पाठ फिरवली की तुमचं रील तुमच्या मावशीलाही दिसत नाही. तुमच्या वहीतला नंबर मात्र तुमचा.

म्हणून रीलवर आलेल्या प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर आणा. बिझनेस अ‍ॅपमध्ये शॉर्ट लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. लिंक इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये, कोड पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. आतल्या, कारण पेटी उघडून वास घेतल्यावर माणूस सगळ्यांत खूश असतो.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. हे माहीत नसल्याने लोक वर्षभर भिंतीशी बोलत राहतात. तेव्हा पहिल्या ऑर्डरलाच सांगा, "हा नंबर आंबा म्हणून सेव्ह करा, म्हणजे पुढच्या वर्षी आधी कळेल." याद्या भागांप्रमाणे करा: कोथरूड-वारजे, सिंहगड रोड, ठाणे, डोंबिवली. गाडी ज्या भागात जायची त्याच यादीला त्या दिवशीचा निरोप. डोंबिवलीच्या माणसाला पुण्याच्या गाडीचा मेसेज पाठवलात की तो तुम्हाला म्यूट करतो.

ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, एक जण शुभ सकाळ टाकतो, दुसरा स्वतःचे काजू विकतो आणि तिसऱ्याचं एक नासकं फळ दोनशे लोक बघतात. चॅनेल त्यापेक्षा बरं, पण तिथे आलेल्या अनोळखी माणसाचा नंबर तुम्हाला कळत नाही; म्हणून ते जाहीर पाटीसारखं वापरा. आणि यादीला महिन्यातून किती मेसेज? हंगामाबाहेर एक. हंगामात आठवड्याला एक. माझा मेसेज आला की लोक उघडतात, कारण तो क्वचित येतो.

जाहिरातीचे पैसे

मार्चअखेरपर्यंत एक पैसा लावू नका. लावाल तेव्हा "बूस्ट" दाबून मोकळे होऊ नका. उद्देश म्हणून मेसेज निवडा, म्हणजे जाहिरातीवर दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. जागा निवडताना "महाराष्ट्र" नको. नकाशावर टाचणी टोचून तेवढ्या किलोमीटरचा घेरा घेता येतो, तर ज्या भागात या आठवड्यात गाडी जाणार तेवढाच भाग घ्या.

हिशोब असा मांडा. समजा रोज ३०० रुपये, १० दिवस. झाले ३०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४०. समजा ६० जणांनी विचारलं आणि १२ जणांनी घेतलं. एका ऑर्डरला २९५ रुपये जाहिरातीचेच पडले. दोन डझनाच्या बॉक्समागे तुम्हाला ३५० सुटत असतील तर हातात राहिले ५५. पहिल्या ऑर्डरवर एवढंच राहू शकतं. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फुकट परत आलं तरच जाहिरात वसूल. म्हणून प्रत्येक नव्या माणसाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" विचारा आणि वहीत लिहा. आमच्या वहीत "शेजाऱ्यांकडून" हे उत्तर जाहिरातीच्या कितीतरी पुढे आहे.

फुकट पेटी घेऊन रील करणारे इन्फ्लुएन्सर येतात. दिलीत तर त्यांनी ती भेट असल्याचं जाहीर लिहायला हवं, जाहिरात मानक परिषदेचे २०२१ पासूनचे नियम तेच सांगतात. मी त्यापेक्षा ती पेटी सोसायटीच्या सेक्रेटरीला देते.

नावाची जपणूक

२०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले जिल्हे. मानांकनाचं चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करावी लागते. ती करून घ्या आणि प्रमाणपत्राचा फोटो पेजवर ठेवा. बाग राजापुरात असेल तर राजापूरच लिहा. "देवगड" लिहिल्याने चार बॉक्स जास्त जातील, पण तुमच्याच गावचा एखादा चाकरमानी खाली कमेंट करील.

कार्बाइडच्या प्रश्नाला "छे छे, आमच्याकडे नाही" एवढं उत्तर पुरत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे; इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) चालतो. तुम्ही पेंढ्यात पिकवत असाल तर आढी दाखवा, रायपनिंग चेंबर वापरत असाल तर तसं सांगा. दोन्हींत लाजण्यासारखं काही नाही. आमरस, आंबापोळी, लोणचं विकणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी करून तिचा क्रमांक लेबलवर टाका.

पैसे आणि पाठवणी

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच "पैसे आले" हे लेबल लावा. कुणी म्हणालं, "पैसे पाठवायचेत, तुमचा पिन टाका", तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. सकाळी सहाला फोन करून घाईने ४० पेट्या मागणारे "साहेब" दरवर्षी येतात. त्यांना निम्मे पैसे आधी मागा, साहेब गायब होतात.

चौथ्या हंगामात एका वाहतूकदाराकडे आमचे ११ बॉक्स जोडून आलेल्या सुट्टीत गोदामात अडकले. तिसऱ्या दिवशी उघडले तेव्हा नुसता रस. चूक त्यांची, पण गिऱ्हाइकाने पैसे आम्हाला दिले होते. अकराही जणांना त्याच दिवशी फोन केला, मेसेज नाही, आणि नवे बॉक्स पाठवले. त्यानंतर आम्ही शुक्रवार-शनिवारी माल चढवत नाही.

बॉक्स निघाला की हा मेसेज जातो, आणि तक्रारी निम्म्या करणारी याच्याइतकी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही: "आंबा हिरवट येईल, घाबरू नका. बॉक्स उघडा, फळं पेंढ्यात मोकळी ठेवा, फ्रिजमध्ये नको. घरभर वास सुटला आणि साल जराशी सुरकुतली की खायला घ्या. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. एकदम सगळे पिकणार नाहीत, रोज हाताने बघा."

परदेशातल्यांचे मेसेज येतील. अमेरिकेला २००७ पासून भारतीय आंबा जातो, पण विकिरण प्रक्रिया करून, ठरलेल्या केंद्रांतूनच. ओळखीच्या बॅगेतून पाठवतो असं कबूल करू नका. त्यांच्याकडून वेगळी ऑर्डर घ्या: न्यू जर्सीतल्या मुलीकडून पुण्यातल्या आईबाबांना. पत्ता इथला, पैसे तिकडचे, सोबत मुलीने सांगितलेल्या दोन ओळी हाताने लिहून. आमच्या अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डरींमध्ये अशा बऱ्याच असतात, आणि त्यात कुणी भाव विचारत नाही.

पाऊस पडल्यावर

शेवटचा आंबा गेला की आठ दिवस झोपा. मग जूनमध्ये वही घेऊन बसा. कुणी दोनदा घेतलं, कुणी एकदाच घेऊन थांबलं, कोणत्या भागात गाडी अर्धी रिकामी गेली. एकदाच घेऊन थांबलेल्यांतल्या दहा जणांना फोन करा. "आंबा आवडला नाही का?" असं सरळ विचारा. मागच्या जूनमध्ये अशा फोनांतून कळलं की चार जणांना आंबा आवडला होता, पण बॉक्स देणारा मुलगा वर न येता गेटवरून हाका मारायचा.

याद्यांमधून बंद नंबर काढा, लेबलं कोरी करा. माझं एकच लेबल दरवर्षी तसंच राहतं. त्यात सध्या सहा जण आहेत आणि त्याचं नाव आहे "यांना दादा बोलेल".